कवचावरचा तुकडा

मी, सौ. उल्का निशिकांत आगाशे, वय ३८ वर्षे, व्यवसाय बँकेत अकाउंटंट, राहणार वुडलँड्स, सिंगापूर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

माझे पती निशिकांत हे एका खासगी लस कंपनीत संशोधक आहेत. आम्हाला जाई नावाची मुलगी होती. सन २००० मध्ये लहान मुलांत हात-पाय-तोंडाच्या आजाराची साथ आली, तीत ती वारली. तेव्हा ती तीन वर्षांची होती. त्यानंतर पतींनी कंपनीत त्याच आजाराच्या लसीचे काम मागून घेतले.

सदर लसीत जिवंत विषाणू नसतो. दुसऱ्याच एका विषाणूचे नुसते कवच प्रयोगशाळेत तयार करतात. आत जनुके नसल्याने ते वाढत नाही. त्यावर या आजाराच्या विषाणूचा लहानसा तुकडा बसवतात, म्हणजे शरीर तो ओळखायला शिकते. हे मला पतींनी समजावले आहे.

यंदा, २००६ साली, उंदरांवर चांगला परिणाम दिसूनही कंपनीने हे काम बंद केले व उरलेल्या कुप्या नष्ट करण्यास सांगितले. पतींनी दोन कुप्या घरी आणल्या. पहिली त्यांनी गेल्या महिन्यात स्वतःला टोचून घेतली. ते मला ठाऊक नव्हते. दुसरी काल संध्याकाळी स्वयंपाकघरात माझ्यासमोर टोचली. मी विचारले, "हे काय करताय?" ते म्हणाले, "जाईच्या वेळी हे नव्हतं. आता आहे, तर फेकून द्या म्हणतात."

मी त्यांना अडवले नाही.

नंतर त्यांना हुडहुडी भरून ताप चढला. उभे राहवेना. मी अँब्युलन्स बोलावली. रुग्णालयात 'विषाणू' हा शब्द ऐकताच सर्वांनी मास्क लावले व पतींना वेगळ्या खोलीत ठेवले. सार्सच्या साथीला तीनच वर्षे झाली आहेत, त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. आज ताप उतरला आहे. लसीत काही अशुद्ध अंश राहिला असावा, कोणाला लागण होण्याची भीती नाही, असे डॉक्टर म्हणाले.

कंपनीने चोरीची तक्रार दिली आहे. कुप्या पतींनी परवानगीशिवाय आणल्या, हे खरे आहे. त्या त्यांनी कोणास दिल्या वा विकल्या नाहीत. परवानगीशिवाय आणल्याचे पतींच्या विरोधात जाईल, लिहू का, असे अंमलदारांनी विचारले. मी लिहा म्हणाले.

एक विनंती आहे. रुग्णालयाने पतींचे रक्त काढले आहे. पहिल्या टोचणीला महिना झाला, तेव्हा त्या रक्तात या आजाराला अडवणारी प्रतिपिंडे तयार झाली असतील किंवा नसतील. ते रक्त फेकून देऊ नये. तपासून काय निघते ते मला कळवावे.

मला इंग्रजी येते, तरी मी मराठीतच सांगितले. अंमलदारांनी लिहिलेले सर्व दुभाषी श्री. चंद्रशेखर यांनी मला मराठीत वाचून दाखवले. ते मी बोलले तसेच आहे.