इंजिन किती चाललंय

हॅलो?

…हो, मीच. निमिया. माझ्याच नंबरवर फोन लावून ‘कोण बोलतंय’ काय विचारतोस, दादा?

…अरे, सकाळपासून तिसरा फोन आहे तुझा. एवढे फोन तू वर्षभरात करत नाहीस.

…नाही, अजून नाही घातलं. इरेनेओभाऊंच्या ऑईलच्या दुकानातच आहे. गाडी खड्ड्यावर उभी आहे, जुनं ऑईल खाली पिंपात गळतंय. काळंकुट्ट. डांबर बरं म्हणायचं.

…आई? आई इथेच बाकावर बसलीय. तेरेरेचा गार चहा पितेय. इरेनेओभाऊंचा थर्मास तिनं ताब्यात घेतलाय. …आई, अन्सेल्मो विचारतोय, बरी आहेस का? …म्हणतेय, जिवंत आहे म्हणावं, बघायला ये.

…हो, हो… अरे ऐक ना. ऐकून तर घे.

…कळलं. सोनेरी डबा. सगळ्यात भारीतला. पहिल्या फोनवर तेच सांगितलंस, दुसऱ्यावर पण तेच.

…पैसे तू देणार, तेही तिसऱ्यांदा ऐकलं. पैशाचं नाहीये रे. इरेनेओभाऊ सोनेरी डबा घालायलाच तयार नाहीत.

…नाहीत म्हणजे नाहीत. डबा फळीवरून काढला, माझ्यापुढे ठेवला, आणि आता झाकणावर हात ठेवून बसलेत.

…का ते सांगतेय ना. त्यांच्याकडे दोन डबे आहेत, सोनेरी आणि निळा. दोन्हींत सिंथेटिकच, दोन्ही चांगल्यातले. पण सोनेरीतलं पातळ, तरण्या इंजिनासाठी. निळ्यातलं जरा जाड. त्यात ऑईल सीलची रबरं मऊ राहायचं कसलं तरी औषध घातलेलं असतं. खूप रस्ता खाल्लेल्या गाडीसाठी.

…मला काय विचारतोस? गाड्या तू विकतोस. मी चिपे भाजते, चीजचे पाव. इरेनेओभाऊ म्हणतात, म्हातारं इंजिन आपल्या मळावर उभं असतं. पातळ ऑईल घातलं की ते सगळा मळ धुऊन काढतं, आणि मळानं बुजलेल्या फटी मोकळ्या होतात. मग गळायला लागतं. नाहीतर जळायला लागतं.

…हो, आताही ऑईल पिते. आठवड्याला एक बाटली. तू म्हणाला होतास, जपानी गाड्या तहानलेल्याच असतात. मी ऐकलं.

…हां, तर त्यांचं म्हणणं, गाडी दोनेक लाख चाललेली असेल तर सोनेरी चालून जाईल. चार लाख चालली असेल तर निळाच. म्हणून विचारतेय. इंजिन किती चाललंय?

…मीटरवरचा तो आकडा मला दिसतोय, दादा. दोन लाख बारा हजार. वाचता येतं मला. मी विचारतेय, किती चाललंय.

…एकदा सांगितलंस तेच परत सांगू नकोस.

…थांब जरा. …हो भाऊ, पाच मिनिटं. …घड्याळ दाखवतायत. बाराला शटर खाली ओढतात, मग तीन वाजेपर्यंत देव दारात आला तरी सिएस्ताची झोप मोडत नाहीत. आणि गाडीच्या पोटात थेंबभर ऑईल नाही. दुपारी शंभर चिपे स्टँडवर पोचवायचेत मला. टोपल्या मागच्या सीटवर तशाच आहेत, चीजचा वास सुटलाय, इथली कुत्री गाडीभोवती फेऱ्या मारतायत.

…उद्या, हो. पहाटे चारला निघायचं, नऊला आसुन्सिओनच्या दवाखान्यात हजर. सात महिने थांबलोय आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या तारखेसाठी. चुकली तर पुढच्या वर्षी. परवा तिनं मीठ म्हणून साखर घातली पिठात. अख्खी भट्टी डुकरांना गेली.

…बसनं कशी नेऊ? बसची पायरी तिच्या गुडघ्याएवढी. आणि बस पोचते अकराला.

…म्हणजे तू सांगतोस हाच आकडा खरा.

…आईच्या गळ्याची शपथ? …नको, शपथ नको घेऊस. ती ऐकतेय.

…ऐकू येत नाही?

…नाही, लाइन चांगली आहे. तुझ्या ऑफिसातला पंखा ऐकू येतोय मला. खट, खट, खट. अजून दुरुस्त केला नाहीस.

…हे बघ, सव्वातीनशे किलोमीटर जायचंय. विया फ्लोरिदाचा पूल ओलांडला की नुसत्या गाई आणि आभाळ. तिथं ऑईलचा दिवा लाल झाला तर चौऱ्याऐंशी वर्षांची बाई घेऊन मी रस्त्याच्या कडेला काय करू?

…चौऱ्याऐंशीच. ती एकोणऐंशी सांगते. पाच वर्षं झाली, एकोणऐंशीवर थांबलीय. दवाखान्याच्या कागदावर मी खरं लिहिलं तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, भुलीचं औषध वय बघून देतात, लाज बघून नाही. …आई, तुलाच म्हणतेय, हो. …हसतेय.

…काय?

…जरा मोठ्यानं बोल.

…किती?

…दोन लाख. दोन लाख वर धर.

…हं.

…म्हणजे चार लाख बारा.

…नाही, रागावले नाही. दमलेय. पहाटे तीनपासून भट्टीपुढे उभी आहे. रागवायला अंगात काही उरलं नाही.

…सगळेच करतात. माहीत आहे. जपानहून बोटीनं येते, चिलीत उतरते, तुमच्याकडे येईपर्यंत स्टिअरिंग उजवीकडचं डावीकडे आणि आकडा वरचा खाली. तुम्ही फिरवता हे गिऱ्हाइकाला माहीत, त्याला माहीत आहे हे तुम्हाला माहीत. सगळं कबूल. पण मी गिऱ्हाईक होते का, दादा?

…बोल, बोल. ऐकतेय.

…मला म्हातारी गाडी दिली असं वाटू नये म्हणून.

…बरं.

…मग नंतर सांगायचं राहून गेलं. आठ वर्षं राहून गेलं.

…आता माझं ऐक. मला माहीत होतं.

…आज कळलं. साडेदहाला. तुझा दुसरा फोन ठेवला आणि इरेनेओभाऊंनी इंजिनावर फडकं मारलं. बॉनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी निघाली, ऑईल बदलल्याची, जपानमधली. अक्षरं सगळी मुंग्यांसारखी, पण आकडे आपलेच की. दोन लाख ब्याऐंशी हजार. आणि तू मला चावी दिलीस तेव्हा मीटरवर होते शहाऐंशी हजार. तू मीटर फिरवलास आणि चिठ्ठी काढायला विसरलास.

…जपानी येत नाही म्हणून बघितलीच नसशील. बरोबर.

…माहीत होतं तर विचारलं का? तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. वाटलं, आई गाडीत बसणार म्हटल्यावर तरी सांगेल. तरी किती वेळ लावलास.

…आणि फेलिसियानोसाठी.

…त्याच्यासाठी म्हणजे त्याच्यासाठी. गाडी आणली त्याच आठवड्यात तो म्हणाला होता, निमिया, ब्रेकच्या पायडलचं रबर बघ, आतलं लोखंड दिसतंय. शहाऐंशी हजारांत रबर असं झिजत नाही. तुझ्या भावानं तुला बनवलंय. नवऱ्याला मी काय काय बोलले, दादा. तुझ्या पोटात दुखतंय म्हणाले. तुझ्या घरच्यांनी कधी सायकल तरी दिली का म्हणाले. तीन दिवस ताट वाढायचे आणि तोंड फिरवून बसायचे. पुन्हा त्यानं विषय काढला नाही. कुठून तरी नवीन रबर आणलं आणि गुपचूप बसवून टाकलं.

…जूनमध्ये चार वर्षं होतील त्याला जाऊन.

…नाही ना. त्याला मी कधी म्हटलंच नाही, तुझं खरं होतं म्हणून. मला माहीतच नव्हतं. आता माहीत झालं तर सांगू कुणाला?

…रडू नकोस. अरे, रडू नकोस, तुझं रडणं ऐकायला मला वेळ नाही, बाराला पाच कमी आहेत.

…दुसरी गाडी नको. तुझ्या आवारातली तर मुळीच नको.

…पैसेही नकोत म्हटलं ना.

…काय करू विचारतोस, तर सांगते. संध्याकाळच्या बसनं इकडे ये. उद्या ही गाडी तू चालवायची.

…हो, हीच. चार लाख बारावाली. आई पुढे तुझ्या शेजारी, मी मागे टोपल्यांच्या जागेवर. जाताना तू, येतानाही तू. दिव्याकडे एक डोळा ठेवून चालव. वाटेत बंद पडली तर ढकलायला आईचा लेक असू दे. मी चार वर्षं एकटीनं ढकलली.

…कंबर माझीही दुखते.

…आणि ब्रेक जपून दाब. रबर त्याच्या हातचं आहे, अजून तेच आहे.

…काय गं आई? …आई म्हणतेय, धुतलेला शर्ट घालून ये. डोळ्यावरची पट्टी काढली की आधी तुझं तोंड बघायचंय तिला. किती म्हातारा झालाय ते बघते म्हणते, फोनवर हा काहीही सांगतो.

…येशील ना? …नक्की? …साडेसहाची बस. हं. मी मांडिओकाचे कंद उकडून ठेवते, गरम गरम खा.

…नाही रे, अजून रागावले नाहीये. उद्या झोप झाली की रागावेन. रस्ता लांब आहे.

…थांब, ते काहीतरी विचारतायत. …हो भाऊ, निळाच. ओता. …काय? …नाही, दादा, तुला नाही. दारावर चिठ्ठी लावायची असते ना, आज किती किलोमीटर, पुढचं ऑईल कधी, ती लिहितायत. मीटरवरचा आकडा लिहू का विचारतायत.

…चार लाख बारा हजार लिहा, भाऊ. …मीटरवर दुसरा आहे, असू दे. …हो, जाड पेनानं लिहा. उद्या गाडी माझा भाऊ चालवणार आहे, तो चष्मा घरी विसरतो.

…ठेवते, दादा. शटर खाली यायला लागलंय.