कुत्र्यापायी मेक्सिको

...नाही हो, आजारी नाही ती! ठणठणीत आहे. माहेरीही गेलेली नाही, माहेर सोलापूरला, तिथे आता कोण आहे? किती जणांना सांगू? दारात शिरल्यापासून तेच चाललंय. बूट काढायच्या आत दीपानं विचारलं, 'काका, काकू कुठेत?', मग अरुणनं विचारलं, मग इथे बेसमेंटच्या जिन्यात त्या नवीन जोडप्यानं विचारलं, ज्यांना मी आयुष्यात आज पहिल्यांदा बघतोय! म्हणून म्हटलं एकदाच सगळ्यांना सांगून टाकावं, म्हणजे पुढचा भिशीचा कार्यक्रम तरी सुरू होईल. तर ऐका. आमची शुभा मेक्सिकोत आहे. राहते तिथे. कुत्र्याबरोबर. मी इथे अमेरिकेत, अल्फारेटात, चार बेडरूमच्या घरात एकटा, आणि ती तिकडे कुणाच्या तरी गच्चीवरच्या एका खोलीत, कुत्र्याबरोबर! आता यावर मी काय बोललो असेन? काही बोललो नाही. मला सवयच नाही बोलायची.

आता हे कुत्रं कुणाचं? आमचं नव्हेच ते! आमच्या चिरंजीवांचं, ऋषीचं. कोविडात सगळ्या जगानं कुत्री घेतली म्हणून यानंही घेतलं, पांढरं, केसाळ, पायपुसण्याएवढं, आणि नाव काय ठेवलं तर मफिन! अरे, खायच्या वस्तूचं नाव कुत्र्याला? उद्या मुलगी झाली तर करंजी ठेवशील काय? मग याला लंडनची नोकरी लागली आणि कुत्रं आमच्या दारात. 'बाबा, इट्स जस्ट टू वीक्स.' ते टू वीक्स अजून संपायचेत. तुम्हाला सांगतो, आमच्या घराण्यात कुत्रा म्हणजे दत्ताच्या फोटोत. चार. आणि चारही फ्रेमच्या आत! शुभानं पहिल्या आठवड्यात त्याला स्वयंपाकघराबाहेर ठेवलं, वेगळा वाडगा, वेगळं फडकं, अगदी सोवळ्यात. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या भातावर तूप आलं. तिसऱ्या आठवड्यात मी पानावर बसलो तर म्हणे, 'थांबा हं जरा, आधी मफूचं होऊ दे.' मफू! मला लग्नापासून आजतागायत 'अहो'च्या पुढे काही मिळालेलं नाही. पण मी काही बोललो नाही.

मग तिला ते व्हिडिओ सापडले. एक अमेरिकन बाई आहे, रंगीत चष्मा, रंगीत शाल, मेक्सिकोतल्या सान मिगेल नावाच्या गावात कुत्रा घेऊन राहते आणि रोज सकाळी जगाला सांगते की इथे कुत्र्याला हॉटेलात घेतात, दुकानात घेतात, इथे कुत्रा म्हणजे सिटिझन आहे! अहो, मला ग्रीन कार्ड मिळायला किती वर्षं लागली, आणि तिकडे कुत्रा थेट सिटिझन! शुभा ते बघत बसायची, सकाळ-संध्याकाळ. आणि एक दिवस म्हणाली, 'अहो, आपण एक महिना जाऊ या का?' मी म्हटलं, शुभा, रिटायर आपण झालोय, कुत्रं नाही. लोक रिटायर झाल्यावर काशीला जातात, अलास्काच्या क्रूझला जातात, कुत्र्याच्या सोयीनं गाव शोधत कोणी जातं का? एवढंच म्हटलं. विमानतळापर्यंत तेवढंच म्हणत होतो, त्याला काही बोलणं म्हणत नाहीत.

तिकडे उतरलो. तो कस्टमवाला ऑफिसर, हा एवढा आडवातिडवा, मिशा ह्या अशा, त्यानं पिशवीतून कुत्र्याचं डोकं बाहेर आलेलं पाहिलं आणि विरघळलाच! खाली बसला, गाल धरले, पापा घेतला! आणि मग माझी बॅग उघडली. मेतकूट काढलं, वास घेतला. भाजणी काढली, वास घेतला. कुळथाचं पीठ काढलं आणि साहेबाला बोलावून आणलं! दोघं माझ्याभोवती उभे, आणि कुत्रं पलीकडे एका बाईच्या मांडीवर बसून माझ्याकडे बघतंय, हा कोण बुवा, असं. माझं मेतकूट गेलं ते गेलंच.

आणि ते गाव! गाव म्हणजे काय, चढ आणि दगड. रस्त्याला दगड, चढाला दगड, माझे गुडघे पहिल्याच दिवशी संपले. सगळी घरं लाल-पिवळी, आणि प्रत्येक दुकानाच्या दारात पाण्याचा वाडगा. माणसासाठी? छे! मी दुपारी तहानेनं व्याकूळ होऊन एका कॅफेत टेकलो, वेटर आला, वाकला, कुत्र्यापुढे पाणी ठेवलं, कानामागे खाजवलं, त्याची विचारपूस केली आणि गेला! गेला की हो! मी हात वर करून बसलोय वर्गातल्यासारखा. बँकेत गेलो तर कुत्र्याला आत या, भाजीवाल्याकडे गेलो तर कुत्र्याला गाजर, आणि आठवड्याभरात अख्ख्या गल्लीला त्याचं नाव पाठ. 'मोफीन! मोफीन!' सकाळी पाववाला ओरडतो, मोफीन! शाळेतली पोरं ओरडतात, मोफीन! आणि मी? मी दोरीचं दुसरं टोक. मी कुणाला काही बोललो नाही, बोलणार कुणाशी, स्पॅनिश कुठे येतं?

शुभाला पण येत नव्हतं हो. पण तिला लागलंच नाही ते! ही बाई सोलापुरी मराठीत बोलायची आणि समोरचे स्पॅनिशमध्ये, आणि दोघांचं अगदी झकास चाललेलं. घरमालकीण होती आमची, दोन्या एलेना, दोन्या म्हणजे आपलं काकू म्हणतो ना तसं, एलेनाकाकू म्हणा. त्या आणि शुभा गच्चीवर बसून काहीतरी निवडत, काहीतरी सोलत, दोन दोन तास गप्पा! आणि मग शुभा उठायची, कुत्र्याला दोरी लावायची, 'येते हं' म्हणायची आणि दार ओढून बाहेर. एकटी! मला विचारलं नाही, थांबली नाही, कुठे जाते सांगितलं नाही. यायची ती गाल लाल करून, हातात पेरू, केसांत कुणीतरी खोचलेलं फूल.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगतो. चारशे नंबरच्या हायवेवर मर्ज होताना तिची गाडी ठोकली होती, बरीच वर्षं झाली, तिला लागलं नाही काही, पण तेव्हापासून तिनं स्टिअरिंगला हात लावलेला नाही. आणि आपल्या अल्फारेटात गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. इंडियन स्टोअरला मी, डॉक्टरकडे मी, हळदीकुंकवाला मी, तिला सोडून मी पार्किंगमध्ये बसून राहणार आणि ती वाण घेऊन येणार. कुत्र्याला पार्कमध्ये न्यायचं तरी मीच गाडी काढायची! इतकी वर्षं मी ड्रायव्हर आहे तिचा, तक्रार नाही केली कधी. आणि ही बाई तिकडे चपला घालून टणाटण चढ चढतेय, माझ्याशिवाय! मला वाईट वाटलं हो. खरं सांगतो, लपवत नाही, फार वाईट वाटलं. बरं वाटायला पाहिजे होतं ना? नाही वाटलं. मी त्या खोलीत बसून राहायचो आणि मनात त्या कुत्र्याला शिव्या घालायचो.

मग तो दिवस आला. जानेवारीत त्यांचा एक सण असतो, प्राण्यांना चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात. आपला बैलपोळा असतो तसं, फक्त तिथे बैल सोडून सगळे! शुभानं कुत्र्याला आंघोळ घातली, गळ्यात झेंडूची माळ, आणि मला म्हणाली, तुम्ही पण चला. गेलो. ओळ ही एवढी लांब, कुत्री, मांजरी, पोपट, एका म्हातारीच्या काखेत कोंबडा, एकाच्या हातात कासव, आणि त्या ओळीत मी, जॉर्जियातला रिटायर्ड सीनियर सिस्टिम्स इंजिनिअर, कडेवर कुत्रं घेऊन! दारापाशी पोचलो. आता काय होतं, देवाचं दार दिसलं की माझे हात आपोआप बुटांकडे जातात. काढले बूट, काढले मोजे, ठेवले बाजूला नीट जोडीनं. शुभा मागून म्हणतेय, 'अहो, चर्च आहे हे, इथे नाही काढत,' पण तोवर मी अनवाणी आत! जानेवारीतली फरशी, पायातून थेट डोक्यात कळ. आणि लोक बाजूला व्हायला लागले, वाट द्यायला लागले, एका बाईनं तर मला बघून छातीवर क्रॉस केला. त्यांना वाटलं, माणसानं काही नवस बोललाय, कुत्र्यासाठी!

पुढे पाद्रीबुवा. त्यांच्या हातात झारीसारखं काहीतरी, ते सगळ्यांवर पवित्र पाणी शिंपडताहेत. माझ्यासमोर आले. कुत्र्यावर शिंपडलं. आणि मी काय केलं माहितीये? कुत्रं डाव्या हाताला सरकवलं आणि उजवा हात पुढे केला, असा, तळव्याचा द्रोण करून. सत्यनारायणाला करतो तसा! आयुष्यभर कुणी देवाचं पाणी घेऊन समोर आला की हात हा असाच जातो, त्याला मी काय करू? पाद्रीबुवा थांबले. माझ्याकडे बघितलं, पायांकडे बघितलं, आणि बिचाऱ्यांनी झारी हलवून चार थेंब घातले तळहातावर. मी डोळे मिटले, प्यायलो, हात डोक्यावरून फिरवला. डोळे उघडले तर मागच्या म्हातारीनं कोंबडा दुसऱ्या काखेत घेतलाय आणि हात पुढे केलाय! तिच्या मागच्यानं कासव खाली ठेवलं! अख्खी ओळ तीर्थ मागायला लागली हो, आणि पाद्रीबुवांची झारी संपली!

शुभा हसली. अशी हसली की भिंतीला धरून खाली बसली, पदर नव्हता तरी पदर तोंडाला लावायला शोधत होती. मी तिला असं हसताना किती वर्षांत पाहिलं नव्हतं, मला आठवेना. आणि मला वाटलं, झालं, जमलं, आता हिला घरी घेऊन जाऊ, हसतच राहील. त्याच दुपारी म्हणाली, "मी येत नाही परत. तुम्ही जा."

मी म्हटलं, का, अल्फारेटात काय कमी आहे तुला? डिशवॉशर आहे, सनरूम आहे, मागे तुझा कढीपत्ता आहे!

म्हणाली, "तिकडे मला दूध आणायचं तरी तुमची झोप व्हायची वाट बघावी लागते."

मी म्हटलं, न्यायला मी नाही म्हटलंय का कधी? एकदा तरी?

"नाही म्हणत नाही तुम्ही. पण जाताना बोलता आणि येताना बोलता. पावशेर कोथिंबिरीसाठी मी तासभर ऐकते." असं शांतपणे म्हणाली, लसूण सोलता सोलता. चिडून म्हणाली असती तर मी भांडलो असतो.

मी! मी बोलतो म्हणे! जाऊ दे. मी आलो परत. एकटा. म्हटलं बघू, किती दिवस काढते त्या एका खोलीत. इथे काय, घरात फ्रिजचा आवाज आणि माझा. फिरायला बाहेर पडलो तर फूटपाथ कोपऱ्यापर्यंत जातो आणि तिथे संपतो, पुढे गवत. इतकी वर्षं त्या गल्लीत राहतोय, एका माणसानं कधी नाव विचारलं नाही, आणि परवा एक शेजारीण गाडी थांबवून, काच खाली करून, हात हलवून काय म्हणते? 'ओ माय गॉड, मफिन्स डॅड! व्हेअर इज मफिन?' मी म्हटलं, मेक्सिकोत. तिनं तोंडावर हात ठेवला, तिला वाटलं मेलं कुत्रं.

मग काल मीच फोन केला. करावा लागला. इकडचं तिकडचं विचारलं, मग म्हटलं, शुभा, कंटाळा आलाय इथे, मी येऊ का तिकडे? कायमचा? ती मग म्हणाली, एलेनाकाकूंना विचारावं लागेल, त्यांनी आता खोली दिलीय ती एक बाई आणि एक कुत्रा म्हणून. विचारते. आज सकाळी तिचा फोन आला. म्हणाली, विचारलं, काकू हो म्हणाल्या, फक्त कुणी गच्चीवर कायमचं राहायला येणार असलं की त्या दोनच गोष्टी विचारतात, त्या तुमच्याबद्दलही विचारल्या. चावतो का, आणि भुंकतो का.

मी म्हटलं, मग? तू काय सांगितलंस?

म्हणाली, "खरं तेच सांगितलं. म्हटलं, चावत नाहीत."

मी म्हटलं, आणि दुसरं?

तर म्हणाली, "म्हटलं, त्याला आता इलाज नाही. पण काकू, तुम्हाला मराठी कुठे कळतंय."

गुरुवारचं विमान आहे माझं.