उजवी नळी

हॅलो? … हो, मीच, तन्नूस. ओरडू नकोस गं नजला, ऐकू येतंय… हो, हो, झाहले गावातच आहे. त्या इस्कंदरच्या जुन्या सामानाच्या दुकानात. बंदूक माझ्यासमोर आहे.

आपलीच… अगं, दस्त्यावर बाबांनी चाकूनं कोरलेला देवदार आहे ना, तो अर्धा झिजलाय, पण आहे.

अवस्था? … दस्ता चापामागं तडकलाय, कुणीतरी तारेनं आवळलाय. डावा घोडा गायब. उजवी नळी अजून तशीच, फाटलेली.

नाही… नाही होणार दुरुस्त… कोण, जमील? शिकारीला? वेड लागलंय का तुझ्या पोराला! डाव्या नळीतसुद्धा काडतूस घालायचं नाही, सांग त्याला.

थांब जरा… इस्कंदर, कॉफी राहू दे. दोन मिनिटं बाहेर बसशील का? … हो, बहीण आहे.

हं, बोल… तेच सांगतोय. घ्यायची की नाही ते नंतर. आधी ऐक… जमील जवळ आहे? मग तू आत जा… गेलीस?

आपल्या फारेसनं काडतुसात दुप्पट दारू भरली, म्हणून नळी फुटली. बरोबर? आई शेवटपर्यंत हेच म्हणत गेली. सगळं गाव म्हणत होतं… हो, सख्खा भाऊ असून मीपण म्हणत होतो.

नजला, दारू जास्त झाली तर नळी बुडाशी फुटते. जिथं काडतूस बसतं तिथं. इथं बूड शाबूत आहे. आत्ताच बोट फिरवून बघितलं, साधा फुगवटासुद्धा नाही… अगं ऐक ना! फुटलीय मध्ये. बाबांचा डावा हात जिथं होता तिथं.

म्हणजे… म्हणजे आत काहीतरी अडकलं होतं.

चिखल नाही. चिखल तोंडाशी बसतो.

…

आदल्या संध्याकाळी बंदूक मी पुसली होती. बाबांनीच सांगितलं होतं, पहाटे लाव्यांच्या शिकारीला जायचंय म्हणून. चिंधी आत घातली, दांडी ओढली, तर अर्धीच चिंधी परत आली. मला वाटलं, आधीच फाटकी असेल. बंदूक खुंटीला टांगली आणि गावात पत्ते खेळायला गेलो.

… हो.

… हो, नजला. मी.

तेव्हा नव्हतं माहीत. शपथ… नंतर? बंदुका दुरुस्त करायचा हा धंदा शिकलो तेव्हा शंका आली. पण बंदूक पोलिसांनी नेलेली, म्हटलं नळी नेमकी कुठं फुटली कुणास ठाऊक. बरं वाटायचं तसं म्हणून… चाळीस वर्षं येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतोय, आधी नळीतून उजेड बघ, मग काडतूस घाल.

बोल, काय बोलायचं ते बोल…

माहीत आहे. नऊ दिवस बाबा तळमळत होते, आणि आईनं फारेसला खोलीच्या दारातसुद्धा उभं राहू दिलं नाही. मी आतच होतो. त्यांना पाणी पाजत होतो.

ब्राझीलहून त्याची पत्रं यायची, तीही न फोडता परत… हो, टपालात मीच टाकायचो. आई सांगायची, मी टाकायचो.

नाही, आता सांगून बाबा येणार नाहीत. पण फारेस आहे ना अजून? … किती, चौऱ्याहत्तर? … आणि तब्येत? … हं.

घेतोय मी बंदूक… कवडीची किंमत नाही. इस्कंदरलाही माहीत आहे. पण ही उद्या कुणी वितळवली, तर माझ्या तोंडाला पुन्हा कुलूप लागेल. मी ओळखतो मला.

नंबर दे त्याचा… तुझ्याकडं आहे, नजला. दर नाताळला तू गच्चीवर जाऊन कुणाशी बोलतेस ते मला माहीत आहे… नाही, तू नको सांगूस. माझ्या तोंडून ऐकू दे त्याला.

शिव्या दिल्या तर दिल्या… फोन आपटला तर पुन्हा लावीन.

रडू नकोस गं… बरं, रड. पण आधी नंबर सांग. पेन्सिल आहे हातात… हं… हं… सावकाश… शेवटी सात की एक? … सात.

नाही, घरी जाऊन नाही. घरी गेलो की विचार करत बसेन. इथूनच लावतो.

ठेव आता तू… ठेव, नजला. लाइन मोकळी कर.