निळ्या डोक्याचा राक्षस

टीव्हीवाले पुस्तकांची वाट लावतात म्हणता ना, मग आमच्या राक्षसाचं ऐका. नंदनवन वस्तीत माझ्या शेजारी वामन राहायचा. आम्हा दोघांना जादूची एक कादंबरी जवळपास पाठ होती. तिच्यातल्या राक्षसाचं डोकं निळं आणि पाय हिरवे. तिच्यावर मालिका येणार म्हणून वामननं टीव्ही घेतला, आणि पहिल्याच भागात राक्षस अगदी तस्साच!

"पाहून राहिला न गा?" वामन म्हणाला. "याले म्हणतात पुस्तक वाचनं!"

आम्ही लगेच टीव्हीवाल्यांना अभिनंदनाचं पत्र धाडलं.

दुसऱ्या भागात राजपुत्र आला. त्याचंही डोकं निळं.

"हे काहून गा? राजपुत्र तर गोरापान होता."

"शाप लागला असन," वामन म्हणाला.

मग राक्षस जमिनीवर आडवा झाला आणि त्याचं डोकंच हिरवं झालं. आम्ही घाईघाईनं पुस्तक काढून पानं चाळू लागलो. तेवढ्यात बातम्या लागल्या. बातम्या देणाऱ्या बाईचंही डोकं निळं!

"वामन, ही बाई कोन्त्या पानावर आहे गा?"

वामनची बायको आतून आली आणि तिनं टीव्हीच्या काचेवरचं प्लास्टिक ओढून काढलं.

"अवो भाऊजी, टीव्ही काळा-पांढराच आहे. रंगीत दिसावा म्हणून हे वर निळं, खाली हिरवं प्लास्टिक यायनंच तर आणून लावलं!"

मी वामनकडे पाहिलं. पत्रावर पहिली सही त्याचीच होती, आणि तो अजून पुस्तकात ती बातम्यांवाली बाई शोधत होता.