बाळ झालं

मान जरा वर, मास्तर — बऱ्याच दिवसांनी आलात — हो, झाली की बायको मोकळी, चार महिने होत आले, बरी आहेत दोघं. काय झालं म्हणजे? बाळ झालं. हसू नका, वस्तरा गळ्याशी आहे. सगळे हेच विचारतात, मुलगा की मुलगी, आणि मी गरम पाणी आणायला आत पळतो. आता कुठं पळू, साबण लावून बसलोय तुम्हाला.

खरं सांगू? ठरत नाही. म्हणजे — नर्सनं उचललं, पाहिलं आणि गप्पच झाली. मला वाटलं, गेलं. तेवढ्यात ते असं काही रडलं की खिडकीतली कबुतरं उडाली! मग गप्प का बाई? तर खालचं अंग धड मुलासारखं नाही, धड मुलीसारखं नाही. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, तब्येत ठणठणीत आहे, लघवी साफ होते, अशी मुलं जन्मतात, लोक बोलत नाहीत एवढंच. आत्ता मुलगा म्हणा, मुलगी म्हणा, पण कापाकापी नको — मोठं झालं की तेच सांगेल. म्हटलं, बाई, तोवर हाक काय मारू? म्हणाल्या, लाडाची मारा. तेव्हापासून बायको पिल्लू म्हणते. तिचं काही अडलेलं नाही हो! न्हाऊ घालते, पावडर लावते, गप्पा मारते त्याच्याशी.

अडलंय ते दादाचं. माझा थोरला भाऊ. म्हणतो, उद्या कुणी शेजारीण दुपटं बदलायला बसली म्हणजे? त्यानं दुसरा सर्जन गाठला. तो म्हणाला, लहान आहे तोवर उरकू, मुलगी करणं सोपं, त्याला काही आठवणार नाही. सोपं! मी विचारलं, आणि मोठेपणी ते म्हणालं मी मुलगा, तर? त्यानं घड्याळ बघितलं. — गाल फुगवा जरा. — पुढं त्या जागेला स्पर्श कळेल का, तेही धड सांगेना. आणि तरी मी मान हलवली. दादासमोर माझी मान आपोआपच हलते, लहानपणापासून.

आज आहे ते ऑपरेशन. आत्ता. दादा गाडी घेऊन गेलाय त्या दोघांना न्यायला. मी? मला तिथं उभं राहवणार नाही, म्हणून दुकान उघडलं. — बायकोला? बायकोला तपासणी म्हणून सांगितलंय. दादाच म्हणाला, अंगावर पाजते आहे, उगाच जिवाला लावून घेईल —

असं आरशातून बघू नका माझ्याकडे.

सकाळी विचारत होती, तपासायलाच नेताय ना, मग पाजायचं नाही असं का? म्हटलं, डॉक्टरांची पद्धत असते. भुकेनं टाहो फोडला होता हो त्यानं, आणि ही पदर घट्ट आवरून बसलेली, का, तर मी सांगितलं म्हणून —

उठा. नाही, दुसरा गाल राहू दे. टॉवेल न्या तसाच. फोन दादा उचलायचा नाही. उठा मास्तर, उठा म्हणतो ना — शटर ओढायचंय!