दोन पुरुष खोल पाणी

आता तू लिहून घेते म्हणतीस तर लिही मनीषा, पण ही वही घरातच राहू दे. सुनेला सांगायचं म्हणून सांगते, नायतर चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडती, तुला ठाऊकच आहे. चौथी शिकले मी, लिहिता येतं, पण हात सावकाश चालतो आणि तोवर मनातलं पुढं निघून जातं.

माझं नाव कडूबाई. माझ्याआधी आईची दोन लेकरं गेली, मग मी झाले तर म्हातारी माणसं म्हणाली, हिचं नाव कडू ठेवा, म्हणजे नजर लागायची नाय. माहेर खुलताबादच्या डोंगराखालचं, दौलताबादकडं जाताना. वडील एका बागाईतदाराच्या पेरूच्या बागेत राखणीला होते. बागेत विहीर होती, घडीव दगडाची, खालपर्यंत पायऱ्या, आणि ऐन उन्हाळ्यातसुद्धा दोन पुरुष पाणी. आमच्याकडं विहिरीचं पाणी माणसानं मोजायचे, एकावर एक दोन माणसं उभी राहून बुडतील ते दोन पुरुष. तिथं वडलांनी माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधला आणि दिलं ढकलून. आठ दिवसांत भोपळा सुटला. मग काय सांगू तुला, आई म्हणायची, हिचा जन्म चुकून घरात झाला.

कुणाचा पोहरा पडला, कुणाची कळशी पडली की लोक आधी गळ टाकून बघायचे, नाय लागली की म्हणायचे, कडूला बोलवा. मी छातीत श्वास भरून घ्यायची, तोंड गच्च मिटायची आणि डोकं खाली करून जायची तळाला. खाली अंधार, गारठा, हातानं चाचपायचं. वडील पायरीवर बसून मोजायचे. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली, पोरी, खाली काय बी सोड पण श्वास सोडू नको, श्वास सुटला की माणूस गेला. ते माझ्या हाडात बसलं.

मग लग्न झालं आणि मी मुकुंदवाडीत आले. तुझे सासरे तेव्हा चिकलठाण्याला कंपनीत नुकतेच लागले होते. घरामागं शेत होतं, शेतात विहीर होती, मी एकदा नुसती वाकून बघितलं तर सासूबाई म्हणाल्या, विहिरीवर जायचं ते पाणी शेंदायला, आत डोकवायला नाय. मी बरं म्हणाले. तिथंच माझं पोहणं संपलं, कुणी भांडलं नाय की काय नाय. पुढं शहर वाढत गेलं, त्या विहिरीत मुरूम टाकून ती बुजवली, वर तीन मजले चढले, आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. आणि मग लागोपाठ तीन वर्षं पाऊस नाय. माहेरी गेले तर बागेतली झाडं वाळून काटक्या झालेली. मी पायऱ्या उतरून पार तळाला गेले, चपला घालून. जिथं श्वास धरून जायची तिथं उभी राहून मी खोकले तर आवाज घुमला. कुणाचं तरी चेमटलेलं फुलपात्र पडलं होतं. भाऊ वरून म्हणाला, आक्का, आता भांडं काढायला तुझी गरज नाय. हसले मी. आणि ते फुलपात्र उचलून वर आणलं.

तेव्हा मी सिडकोत एका घरी स्वयंपाकाला जायची. आजोबा भिक्षुकी केलेले, मुलगा इंजिनिअर, सूनबाई शाळेत शिकवायच्या. त्यांची लेक ऋता माझ्या हाताखालीच मोठी झाली. ती शिकली काय आणि करायला लागली काय, अंदमानात जाऊन लोकांना समुद्राखाली न्यायला लागली, पाठीला हवेची टाकी लावून. मग तिनं तिथं एक बोट चालवायला घेतली. पाहुण्यांनी बोटीवरच राहायचं, बोटीवरच जेवायचं, सहा दिवस बोट या बेटावरून त्या बेटाकडं आणि लोक दिवसातून तीनदा पाण्याखाली. पहिल्या फेरीला आठ पाहुणे, सगळे आपल्याच शहरातले, त्यांना घरच्यासारखं शाकाहारी पाहिजे. ऋताचा फोन आला, मावशी, येता का स्वयंपाकाला? मी म्हणाले, बाई, मला कुठं नेतीस. तर म्हणाली, शेवटच्या दिवशी तुम्हाला खाली नेते, टाकी लावून अर्धा तास खाली राहता येतं. मी विळी बाजूला सारली. तिला परत विचारलं, किती वेळ? अर्धा तास, मावशी.

मी त्या अर्ध्या तासासाठी गेले. घरात सांगितलं ऋताची अडचण आहे म्हणून. तुझे सासरे मला पुरते ओळखून होते, ते म्हणाले, पन्नाशी उलटली आणि आता बुड्या मारायला निघाली, जा बाई, नायतर जन्मभर माझ्याकडं बघून सुस्कारे टाकशील.

बोटीवर पहिल्याच सकाळी मी घोळ केला. पहाटं उठले, स्वयंपाकघरातला नळ सोडला तर धो धो पाणी. आता आपल्याकडं आठ दिवसांनी नळ येतो, नळ आला की हातातलं काम टाकून आधी भरून घ्यायचं, हे काय कुणी शिकवावं लागतं का? मी भगुनी भरली, बादल्या भरल्या, डबे रिकामे करून भरले, बर्फाच्या मोकळ्या पेट्या भरल्या, त्या बाहेर नेऊन ओळीनं मांडल्या. पाण्याची मोटार खर्रर्र वाजायला लागली तेव्हा मला वाटलं, चला, नळ गेला. तेवढ्यात बोट नांगर उचलून वळली, मोठी लाट आली आणि निम्मं पाणी पेट्यांतून सांडून समुद्रात.

कप्तान तिथलाच जन्मलेला, त्याचे आजोबा रांचीकडून गेलेले. तो डोक्याला हात लावून उभा राहिला, माँजी, ये छह दिन का पानी था. बोटीवर समुद्राचं पाणी गोडं करायचं मशीन होतं, पण ते प्यायला पुरंल इतकंच द्यायचं. कप्तान ऋताला म्हणाला, मागं फिरू. पहिलीच फेरी, तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, पोरीचं नाव मी घालवलं, आणि माझा अर्धा तास पण गेला. खोटं कशाला सांगू, दोन्ही एकदमच वाटलं.

मी ऋताला बाजूला घेतलं, म्हणाले, राहिलंय त्यात मी सहा दिवस काढून दाखवते. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची आणि गोड्या पाण्याचा नुसता हात फिरवायचा. तांदूळ धुतलेलं पाणी आमटीला. आणि आंघोळीला माणशी दोन तांबे, पहिला अंग भिजवायला, दुसरा डोक्यावरून. पाहुण्यांत एक बँकेतून निवृत्त झालेले कुलकर्णी काका होते, ते म्हणाले, कडूबाई, सुट्टीला समुद्रावर आलो आणि इथंपण टँकरची वाट बघायची का? सगळे हसले, मी मान खाली घालून पोळ्या लाटल्या. पण बोट मागं फिरली नाय. तिसऱ्या दिवशी काकाच दुसऱ्यांना ओरडायला लागले, अहो, तांबा अर्धाच भरा.

ते लोक सारखे खाली जायचे आणि वर आले की मासे, प्रवाळ, कासव. समुद्रगाय म्हणून एक जनावर असतं तिथं, ती बघायची म्हणून सगळे हट्टाला पेटलेले, ती काय दिसंना. मी भजी तळत ऐकायची आणि दिवस मोजायची.

सहाव्या दिवशी बोट एका बेटाजवळ थांबली. पाहुणे बुडी शिकवणाऱ्या दुसऱ्या मास्तराबरोबर खाली गेले, मी म्हणालेच होते, पुरुष माणसं वर असताना मी उतरणार नाय. अंगाला चिकटणारा तो रबरी पोशाख मी घातला नाय, ऋताची ढगळ सलवार-कमीज घातली, जांभळी. किनाऱ्याकडं छातीभर पाण्यात तिनं मला टाकी लावली, चष्मा लावला, नळी तोंडात दिली. म्हणाली, मावशी, नियम एकच. श्वास धरायचा नाही. आत घ्या, बाहेर सोडा, चालू ठेवा. वर येताना धरून ठेवला तर फुप्फुस फाटतं.

डोकं वर होतं तोवर जमलं. कान पाण्याखाली गेले की माझी छाती आपोआप बंद. मला कळायचंच नाय, बरं का. मला वाटायचं मी श्वास घेतेय, आणि ऋता समोरून हात हलवायची, बुडबुडे कुठं आहेत? वर यायचं, परत खाली जायचं. सहा वेळा केलं, आठ वेळा केलं. तिनं माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला, असा, मावशी, असा. मी मनात म्हणायची, सोड, कडू, सोड. नाय सुटला.

मग तिनं मला उभं केलं, चष्मा काढला. तिचे डोळे भरलेले. म्हणाली, मी शब्द दिला होता, पण नाही नेऊ शकत. तुम्हाला काही झालं तर मी काय करू? तिचं बरोबर होतं. मी म्हणाले, रडू नको बाई. छातीभर पाण्यात आम्ही दोघी उभ्या, अर्धा तास गेला तो गेला, आणि मला वाटलं आता वर जाऊन कुकर लावावा.

आणि काय झालं कुणास ठाऊक, मी जन्मात कुणाकडं काही मागितलं नव्हतं, ते मागितलं. म्हणाले, ही टाकी काढ. मी माझ्या पद्धतीनं जाते.

ऋतानं माझ्या पाठीची टाकी उतरवली. मग कप्तानाला ओरडून विचारलं, बोटीखाली किती पाणी? तो म्हणाला, बारह फूट, रेत है. मी मनात हिशेब केला. दोन पुरुष.

बोटीजवळ गेलो. मी म्हणाले, भय्या, तोंड तिकडं करा. त्यानं केलं. ऋता चष्मा लावून माझ्या बाजूला. मी श्वास भरला, डोकं खाली घातलं, आणि एक पुरुष जाते न जाते तोच पाण्यानं मला वर फेकलं. खारं पाणी माणसाला खाली जाऊ देत नाय, मनीषा, हे मला काय माहीत? विहिरीचं पाणी आत घेतं. कान दुखले, नाकात मीठ गेलं. ऋता म्हणाली, पुरे का? मी म्हणाले, नांगराचा दोर कुठंय?

चष्मा परत लावला आणि दोराला धरून गेले, हातावर हात, हातावर हात. ऋतानं सांगितल्यासारखं नाक दाबून कान मोकळे केले. आणि पोचले. विहिरीत खाली काय दिसत नव्हतं, इथं सगळं दिसत होतं, वाळूवर पडलेली माझी सावलीसुद्धा. मी वाळूवर बसले. दोर एका हातात धरून, मांडी घालून बसले. श्वास छातीत गच्च होता आणि भीती म्हणून कसली नव्हती. किती वेळ बसले ते ऋता सांगते तीस-पस्तीस मोजेपर्यंत, मला नाय माहीत. कुणाचं काही पडलेलं नव्हतं, कुणाचं काही काढायचं नव्हतं. मी नुसती बसले होते.

त्यातच पाहुणे टाक्या घेऊन परत येत होते, ते मला कळलंच नाय. वर आल्यावर कुलकर्णी काका सगळ्यांना सांगायला लागले, लांबून जांभळं काहीतरी मोठं खाली येताना दिसलं, मी म्हटलं आली एकदाची समुद्रगाय, फोटोपण काढला. मी स्वयंपाकघरात शिरून दार लावून घेतलं. तर काका दाराबाहेरून म्हणाले, कडूबाई, आम्ही सगळे टाकीवाले, तुम्ही एकट्याच बिनटाकीच्या, बाहेर या, आज चहा मी करतो. केला त्यांनी, पाणचट होता. मी बाहेर बसून प्याले.

यालाही आता चार वर्षं झाली. तुझे सासरे गेले, माझे गुडघे गेले, आता कुणी दोर दिला तरी हात पुरायचे नाय. ऋताचा फोन येतो, म्हणते, मावशी, या, यंदा तुम्हाला श्वास सोडायला शिकवते. मी म्हणते, राहू दे बाई, या जन्मी ते नाय व्हायचं. मला हवं ते झालं, कमीच झालं, पण झालं. ती रोज कुणाकुणाच्या लेकराबाळांना खाली नेते. तिच्याबरोबर जितकी माणसं पाण्यात उतरतील तितकी सगळी मोजून वर येऊ देत, एवढंच मी सकाळी दिवा लावताना म्हणते. आता वही मिट, हात दुखला असंल तुझा.