फणसाखालचे दगड

आखातात, गुदैबियातल्या सलूनमध्ये माझ्या शेजारी दोन चुलतभाऊ बसले होते. धाकटा संदेश कालच गावाहून परतला होता.

"शिवदासदादा, बागेतलं काम खलास. जेसीबीनं सगळं सपाट केलं."

"फणसाखालचे दगड ठेवलेस ना?"

"तूच फोनवर म्हणालास, दगड काढ, गाडी वळली पाहिजे."

"वाटेतले रे! फणसाखाली आपला मूळपुरुष पुरलाय. जंगल तोडून पहिलं घर त्यानंच बांधलं. दर दिवाळीला नारळ ठेवतात तिथे!"

"मला दिवाळीला रजा कधी मिळाली, दादा?"

"अरे देवा! कुठे गेले ते दगड?"

"कुंपणाच्या गडग्यात रचले. तू ये आणि ओळखून काढ. आपले म्हातारे आबा वारल्यावर ते दगड तुलाच ठाऊक."

"मी कसे ओळखू, संदेश? मी ते नेहमी फुलांनी झाकलेलेच पाहिलेत."